पूरक कोन तुम्हाला कधी उमगले? (अनुभव धागा)

लेक सातवीत आहे. "दोन कोनांच्या मापांची बेरीज १८० अंश असेल तर ते परस्परांचे पूरक कोन" हे घडाघडा म्हणते. काल वहीच्या एका कोपऱ्यात ८०चा आणि दुसऱ्या कोपऱ्यात १००चा कोन काढून विचारलं, हे पूरक आहेत का? म्हणाली, "नाही, चिकटलेले कुठे आहेत?" रेषीय जोडीची (एका सरळ रेघेवर शेजारी-शेजारी चिकटलेल्या दोन कोनांची) आकृती तिच्या डोक्यात पक्की बसली आहे. तुम्हाला हे कसं पटलं, ते लिहा. तिला वाचून दाखवणार आहे.

कंपासपेटी
मी कोनमापकावरचा नेहमी उलटा आकडा वाचायचे. ५०च्या कोनाला १३० लिहायचे आणि गुण जायचे. एकदा आत्याने कोनमापक खिडकीच्या उजेडात धरलं नि म्हणाली, "एकाच रेघेवरचे दोन्ही आकडे मिळव बघू." ७० नि ११०, ४० नि १४०, मधोमध ९० नि ९०. एक आकडा उजवीकडून मोजलेला, दुसरा डावीकडून, आणि खाली सरळ रेघ. तेव्हापासून चूक झाली नाही, कारण कोन लघू की विशाल हे आधी डोळ्यांनी बघायची सवय लागली.

इंदूरकर
माझं शिक्षण आठवीपर्यंत हिंदी माध्यमात. तिथे बेरीज ९० असेल तर पूरक, १८० असेल तर संपूरक. नववीला पुण्यात आलो, तर इथे ९०वाले कोटिकोन आणि १८०वाले पूरक! पहिल्याच चाचणीत सगळी उत्तरं ९०तून वजा केली. रडू आलं होतं. मग बाकावरच्या मित्राने सांगितलं, काटकोनाचा 'को' तोच कोटिकोनाचा 'को'. घर बदलणाऱ्या मुलांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं.

रंधा
वडील सुतार. त्यांनी पट्टी ६०वर तिरकी कापली की एका कडेला एका तुकड्याचा कोपरा ६०चा, दुसऱ्याचा १२०चा. एक तुकडा दाराला लागायचा, दुसरा कोपऱ्यात पडून राहायचा, पण कोपरे काही बदलत नसत. ताई, तुमच्या लेकीला पुठ्ठ्याची पट्टी कापून दोन तुकडे दोन खोल्यांत ठेवायला सांगा.

चक्रीय
रंधा, त्याच तुकड्याचे कापाच्या बाजूचे दोन्ही कोपरे बघा. तेही ६० नि १२०. पट्टीच्या कडा समांतर, कापलेली बाजू छेदिका (दोन्ही कडांना छेदणारी रेघ), म्हणून तिच्या एकाच बाजूचे आंतरकोन (दोन कडांच्या आतले) पूरक. दहावीत चक्रीय चौकोनाचे (चारही कोपरे एकाच वर्तुळावर असलेल्या चौकोनाचे) संमुख म्हणजे समोरासमोरचे कोन येतात, ते तर एकमेकांना शिवतही नाहीत. दोघांच्या समोरचे कंस (वर्तुळाचे तुकडे) मिळून पूर्ण वर्तुळ, ३६०. अंतर्लिखित कोन (ज्याचा कोपरा वर्तुळावर असतो तो) त्याच्या समोरच्या कंसाच्या निम्मा, म्हणून बेरीज १८०. मला 'पूरक' खरा कळला तो इथे.

धागाकर्ती
पुठ्ठा कापला. एक तुकडा देवघरात, एक गॅलरीत. कोनमापक घेऊन दोन फेऱ्या झाल्या, ६२ आणि ११८. आता पोळपाटावर पोळी तिरकी कापून मापं घेणं चाललंय.