मदत हवी आहे: 'अत्याचार १३ टक्क्यांनी वाढले' ही बातमी मुलांना कशी वाचायला शिकवू?

नमस्कार मंडळी. सोलापुरात अशोक चौकाकडच्या एका अभ्यासिकेत दर रविवारी अकरावी-बारावीच्या पोरांबरोबर पेपर वाचायला बसतो. चौदा-पंधरा जण. घरी कुणाची तेलुगू, कुणाची कन्नड, भांडतात मात्र मराठीत.

गेल्या महिन्यात एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी काढणारी केंद्राची संस्था) २०२२ च्या अहवालावरची जुनी कात्रणं काढली. अनुसूचित जातींवरच्या अत्याचाराचे गुन्हे २०२१ मध्ये ५०,९००, तर २०२२ मध्ये ५७,५८२. एकाचा मथळा '१३ टक्क्यांनी वाढ' अशा अर्थाचा, दुसऱ्याचा 'उत्तर प्रदेश अव्वल'. अव्वल! जणू बोर्डाचा निकाल लागलाय.

मग पोरांना भागाकार करायला लावला. उत्तर प्रदेशात १५,३६८ गुन्हे, राजस्थानात ८,७५२. पण अनुसूचित जातींच्या लाख लोकसंख्येमागे काढलं की उत्तर प्रदेश ३७ वर येतो आणि राजस्थान ७२ च्या आसपास. ही लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची आहे, हेही एका पोरीनं पकडलं. मी खूश.

इथंच गाडी घसरली. एक पोरगा मोबाइल दाखवत म्हणाला, "सर, देशात लाखामागे एकूण गुन्हे ४२२, आणि दलितांवरचे फक्त २८.६. म्हणजे तेच जास्त सुरक्षित की!" मला पटकन उत्तर देता आलं नाही. त्यावर तो, "सगळे आकडे बोगस ओ, पेपरवाले फुगवतात." निम्मा वर्ग हसला.

मागं बसलेली एक मुलगी हसली नाही. शटर ओढताना थांबली आणि म्हणाली, तिच्या चुलत्याला पोलिसांनी चार हेलपाटे घालायला लावले आणि शेवटी नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली. "आमचं तर तुमच्या सत्तावन्न हजारांतपण नाही, सर."

मथळ्यावर शंका घ्यायला शिकवायला गेलो आणि पोरं घटनेवरच शंका घ्यायला लागली. हे कसं सावरू? आणि ४२२ विरुद्ध २८.६ चं सोप्या भाषेत उत्तर काय द्यावं?

आकडेमोड्या: ४२२ मध्ये सगळंच येतं, दारूबंदी आणि जुगाराच्या केससुद्धा. २८.६ मध्ये फक्त तेच गुन्हे, जिथं पीडित अनुसूचित जातीचा आणि आरोपी त्या समाजाबाहेरचा. त्याच वस्तीत अनोळखी चोरानं घर फोडलं तर ते ४२२ मध्ये जातं, २८.६ मध्ये नाही. म्हणजे सुरक्षित कोण, हे या दोन आकड्यांवरून ठरतच नाही. पोराला सांगा, अख्ख्या बाजारातली गर्दी आणि एका गाळ्यावरची गर्दी मोजून 'गाळा निवांत आहे' म्हणण्यातली ही गत. आणखी एक, एका एफआयआरमध्ये चार गुन्हे असले तरी एनसीआरबी त्यातला सर्वांत गंभीर तेवढाच मोजते.

कट्ट्यावरची ताई: दादा, सुरुवात लांबून करा. अमेरिकेत एफबीआय वंश, धर्म वगैरेंच्या द्वेषातून झालेल्या गुन्ह्यांची मोजदाद करते. २०२१ पासून नोंदणीची पद्धत बदलली आणि न्यूयॉर्क, लॉस एंजेलिससारख्या शहरांच्या पोलिसांचे आकडे पहिल्या अहवालात आलेच नाहीत. आकडा निघाला ७,२६२, आधीच्या वर्षापेक्षा कमी. मार्च २०२३ मध्ये राहिलेल्यांचे आकडे मिळवून पुरवणी काढली, तर १०,८४०, म्हणजे आधीच्या वर्षापेक्षा घट नव्हे, वाढ! वर्ष तेच. द्वेष तेवढाच होता, कळवणारी ठाणी कमी होती. हे उदाहरण घेतलं की वर्गात कुणाची जात मध्ये येत नाही, पोरं मोकळेपणानं बोलतात. मग आपल्याकडच्या आकड्यांवर या. आणि 'बोगस' म्हणणाऱ्याला विचारा, आकडा चुकला असेल तर कुठल्या बाजूला चुकला असेल? फुगला की आक्रसला?

धागाकर्ता: ताई, शेवटचा प्रश्न तसाच्या तसा उचलतो. आकडेमोड्या, गाळा पटला.

येत्या रविवारी मथळे कापूनच कात्रणं नेतो. आकडे वाचून मथळा पोरांनी लिहायचा आणि मोजणीतून कोण सुटलं असेल तेही खाली एका ओळीत लिहायचं. चुलत्याची गोष्ट मी वर्गात काढणार नाही, तिची ती बोलली तर बोलली. गेल्या रविवारी मात्र ती आली नव्हती.