मदत हवी आहे : पोपच्या 'राइट'ला मराठीत काय म्हणावं?

इंग्रज कवी अलेक्झांडर पोपच्या 'अ‍ॅन एसे ऑन मॅन' (१७३३-३४) मधल्या पहिल्या एपिसलचं (म्हणजे पद्यातल्या पत्राचं) मराठी भाषांतर करतेय, साधं गद्यच, यमक जुळवायचं नाहीये. सगळं झालंय पण शेवटच्या ओळीवर अडकलेय, 'व्हॉटएव्हर इज, इज राइट'.

आधी 'जे आहे ते योग्यच आहे' लिहिलं, तर वाटतं तो अन्यायालाही मान्यता देतोय. 'न्याय्य' केलं तर नैतिक निवाडा होतो. 'सगळं चांगलंच आहे' हे मला अजिबात पटत नाही, कारण लिस्बनच्या १७५५ च्या भूकंपानंतर फ्रेंच लेखक व्हॉल्टेअरने कवितेत हे वाक्य खोडून काढलं ते याच अर्थाने, आणि पोप इतका भाबडा वाटत नाही हो. याच एपिसलमध्ये ते कोकरू आहे ना, आज कापलं जाणारे, तरी शेवटपर्यंत मजेत चरतंय आणि मारायला उचललेला हातच चाटतंय, हे लिहिणाऱ्याला दुःख दिसत नव्हतं असं कसं म्हणायचं?

'यथास्थित' पण करून पाहिलं, पण फार थंड वाटतं. आणि हेच वाक्य चौथ्या एपिसलच्या शेवटी परत येतं, तेव्हा शब्द दोन्हीकडे चालायला हवा. तळटीप द्यायची सोय नाहीये, कारण हे मोठ्याने वाचलं जाणार आहे.

तर इथे 'राइट' म्हणजे नैतिकदृष्ट्या बरोबर, की विश्वाच्या एकूण रचनेत आपल्या जागी नीट बसलेलं? आणि दुसरा अर्थ असेल तर ऐकताक्षणी कळेल असा मराठी शब्द कोणता?