शुक्रतारा: तुमची काय आठवण?

खिडकीवाली:
काल रात्री रिक्षात शुक्रतारा लागलं. रिक्षावाले काका चक्क सुधा मल्होत्रांच्या ओळी म्हणत होते, दात्यांच्या सोडून! घर आलं तरी मी उतरले नाही, कडवं संपू दिलं. अरुण दाते नंतर कितीतरी गायले, 'दिवस तुझे हे फुलायचे' आवडतंच, पण माझे दाते म्हणजे हेच पहिलं मराठी गाणं. आवाज जरा बिचकल्यासारखा वाटतो, तोच गोड लागतो. बाबा रविवारी दाढी करताना लावायचे, तेव्हा त्यांना हाक मारायची सोय नव्हती. लिहा तुमचंही.

सांजवात:
कॅसेट!! फीत अडकायची, मग पेन्सिल घालून गोल गोल. शेवटी इतकी ताणली की दाते घसा बसल्यासारखे गायचे. पुढे रेडिओवर ऐकलं तर म्हटलं हा कोण दुसराच 😂

गाणंबिणं:
मला वीट आलाय, मारा आता. दर कोजागिरीला निवेदक 'तरल' म्हणाला की समजायचं, आलं शुक्रतारा.

इंदुरी शेव:
दाते आमचे हो, इंदूरचे! वडील रामूभैया, पुलंनी लिहिलंय त्यांच्यावर. मराठीत गायला दाते आधी तयार नव्हते, आपलं मराठी इंदुरी वळणाचं म्हणून. मूळ नाव अरविंद. घरी अरू म्हणायचे, त्याचं रेडिओवाल्यांनी अरुण केलं.

चहाबाज:
खळेकाकांची चाल ऐकायला सोपी, गायला बसा मग कळेल. आमचे मेहुणे अंतऱ्याला पोचले की सगळे ताटं वाढायला उठतात. बाकी सुधाबाई पंजाबी ना? काय स्वच्छ मराठी!

इंदुरी शेव:
हो, पंजाबी. 'तुम मुझे भूल भी जाओ'ची चालही त्यांचीच. 2013 ला पद्मश्री मिळाली, फारच उशिरा.

अबोली:
आईबाबांचं गाणं. बाबा गेल्यावर आई ते लागलं की उठून जायची. 2018 च्या मेमध्ये दाते गेले, टीव्हीवर दिवसभर तेच चाललेलं. मी बंद करायला उठले तर म्हणाली असू दे. गवार निवडत ऐकत राहिली. मग एकदम म्हणाली, "ह्यांचा सूर कधी लागला नाही गं यात," आणि हसायला लागली. मग काय, दोघी रडलो. गवार तशीच.

खिडकीवाली:
अबोली 🫂 आईंना नमस्कार सांग.

खगोलवेडा:
शुक्र हा तारा नाही, ग्रह आहे.

चहाबाज:
आले! बायकोलाही हेच सांगितलं होतंत का?

खगोलवेडा:
हो. गच्चीवर दुर्बिणीतून त्याची कोर दाखवली, चंद्राला असते तशी. तिथेच जमलं.

चहाबाज:
🙏🙏 शब्द मागे.

परदेशी पाखरू:
इथे न्यू जर्सीत दिवाळीच्या कार्यक्रमात या गाण्यावरून जोडप्याजोडप्यांत भांडणं होतात. शिवाय एकाला पट्टी झेपली की दुसऱ्याची बोंब. खालच्या पट्टीतला कॅरिओके ट्रॅक आहे का कुणाकडे? शनिवारपर्यंत हवाय.

सांजवात:
ट्रॅक नाही, पण इंदुरी शेव, भुट्ट्याचा कीस कसा करता ते टाका ना. माझा गोळा होतो.

इंदुरी शेव:
दूध कमी पडत असेल. दुपारी सविस्तर लिहिते, तवा तापलाय.