फॅमिली ग्रुप: सहलीची यादी (पुन्हा बदललेली)

आत्या: भाऊ, यादी पाहिली. तैपेईचं राजप्रासाद संग्रहालय ४५ मिनिटं, हिरोशिमा ४५ मिनिटं, शीआन ४५ मिनिटं. गेल्या खेपेला काय झालं ते सगळ्यांना माहीत असताना? दारात फोटो काढून परत बसमध्ये बसायचं असेल तर मला धरू नका.

मामा: ताई, पंधरा माणसांचं बघावं लागतं. गेल्या खेपेला बस कोणासाठी थांबली होती ते मी काढत नाही. 🙏

आई: मग काढलंस कशाला रे? वन्सं, तुम्ही शांत व्हा.

आत्या: मी शांतच आहे वहिनी. एवढंच म्हणते, ठिकाणं कमी करा, वेळ वाढवा.

सोनू: तैपेईच्या पुढे कंसात ‘कोबी’ लिहिलंय. ते काय आहे?

बाबा: कोबी बघायला विमानाचं तिकीट? 😂

विनूदादा: 😂😂 फ्लॉवर कुठल्या देशात आहे?

आत्या: हसा. जेडाइट नावाच्या मौल्यवान खनिजाच्या एकाच दगडातून कोरलेला कोबी आहे, उंची जेमतेम १९ सेंटीमीटर. दगड अर्धा पांढरा, अर्धा हिरवा, त्यात भेगा. दुसऱ्या कुणी टाकून दिला असता. कारागिराने पांढऱ्याचे देठ केले, हिरव्याची पानं केली आणि भेगा पानांच्या शिरांमध्ये जिरवल्या. वर पानात टोळ बसलाय, तो शोधायलाच वेळ लागतो. आणि तिथल्या जवळजवळ सात लाख वस्तूंपैकी बऱ्याचशा बीजिंगच्या राजवाड्यातल्या. १९३३ मध्ये जपानी सैन्याच्या भीतीने पेट्यांत भरून हलवल्या, वर्षानुवर्षं चीनभर फिरवल्या, १९४८-४९ मध्ये निवडक पेट्या तैवानला आल्या. हे ४५ मिनिटांत?

मामा: कोबी कधीकधी दक्षिणेकडच्या शाखेत असतो, हेही सांगा. मी चौकशी केली आहे.

आत्या: बरोबर. म्हणूनच जायच्या आधी विचारून ठेवा.

आई: मला हिरोशिमाची काळजी आहे. धाकटी दोघं घाबरतील.

अप्पा: सूनबाई, तिथे एक तीनचाकी सायकल आहे. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी तीन वर्षांचा मुलगा ती चालवत होता. तो गेला. वडिलांनी सायकल त्याच्यासोबत अंगणात पुरली आणि १९८५ मध्ये उकरून संग्रहालयाला दिली. मुलांना सायकल कळते. त्यांना हात धरून न्या, पण न्या.

बाबा: अप्पा 🙏

ताई: कंबोडियात नोम पेन्हचं तुओल स्लेंग संग्रहालय मात्र लहानांना नको. ती शाळाच होती. १९७५ नंतर ख्मेर रूज या तिथल्या क्रूर राजवटीने तिचा तुरुंग केला. वर्गांत विटांच्या कोठड्या, गॅलऱ्यांना काटेरी तारा, म्हणजे कैद्याला उडी मारून जीवही देता येऊ नये. आणि भिंतीभर कैद्यांचे फोटो. तिथून आले त्या दिवशी मला बोलायला सुचत नव्हतं. २०२५ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत आलं. मोठ्यांनी चुकवू नये.

मामा: सहल आनंदासाठी असते असं माझं मत. असो.

आत्या: असो कसं भाऊ? ठिकाणं कमी करा, वेळ वाढवा. नोम पेन्हला नुसता राजवाडा बघून आलात तर काय बघितलंत?

विनूदादा: शीआनचे मातीचे सैनिक तरी पटकन होतील ना? सगळे सारखेच दिसतात.

ताई: सारखे नाहीत रे. चीनच्या पहिल्या सम्राटाच्या कबरीसाठी केलेले पुतळे आहेत ते. चेहरे, केस, मिश्या वेगळ्या आहेत. १९७४ मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडले. मुळात रंगवलेले होते. जमिनीबाहेर आल्यावर कोरड्या हवेत रंगाखालचा लाखेचा थर काही मिनिटांत सुरकुततो आणि रंग गळून पडतो, म्हणून आज बहुतेक मातकट दिसतात. खड्ड्याच्या कठड्याशी जरा उभं राहा, मग कळेल.

सोनू: अप्पा, आपल्याकडचं काय बघायचं?

अप्पा: दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय. मोहेंजोदडोला सापडलेली नर्तकीची धातूची मूर्ती, १०.५ सेंटीमीटर, कमरेवर हात. मोहेंजोदडोचीच ‘पुरोहित राजा’ म्हणतात ती दगडी मूर्ती मात्र कराचीत. फाळणीनंतर मोहेंजोदडोच्या दागिन्यांचीसुद्धा वाटणी झाली. एका हाराचे आणि कार्नेलियन या लालसर दगडाच्या मेखलेचे मणी मोजून निम्मे इकडे, निम्मे तिकडे. जोडून ठेवायचं कुणाला सुचलं नाही, हे मला अजून सलतं.

बाबा: अप्पा, आपल्याकडेही वाटणीत…

आई: अहो, इथे नको.

मामा: ठीक आहे. यादी तुम्हीच करा ताई.

आत्या: करते. शीआन, तैपेई, हिरोशिमा राहील. नोम पेन्ह मोठ्यांसाठी पुढच्या वेळी, पण नीट. सगळी दालनं पायाखाली घालायची नाहीत, प्रत्येकाने आधी वाचून एक दालन निवडायचं. तैपेई तुम्ही सोमवारी टाकलंय, सोमवारी ते बंद असतं.

मामा: …मंगळवार केला. सकाळी उघडल्यापासून दुपारपर्यंत. आता चर्चा पुरे.

आत्या: दुपार म्हणजे किती वाजता?