जुन्या ट्रकचा गिअरबॉक्स कमी खर्चात कसा बदलावा?

प्रश्न: माझ्या जुन्या सहाचाकी ट्रकचा तिसरा गिअर चढावर सुटतो आणि आता न्यूट्रलमध्येही घरघर येते. नवा गिअरबॉक्स गाडीच्या किमतीच्या मानाने परवडणारा नाही. कोणता मार्ग घ्यावा?

उत्तर: दादा, आधी ऑइल काढून ड्रेन प्लगचे (ऑइल काढायच्या बुचाचे) चुंबक पाहावे. त्यावर राखाडी, मऊ थर असेल तर ती नेहमीची झीज समजावी. पण दातांचे कपचे निघाले, तर बॉक्स उघडावाच लागेल. घरघर क्लच दाबल्यावर थांबत असेल, तर बहुधा आतले बेअरिंग गेले आहे. हाउसिंग (बॉक्सचे बाहेरचे कवच) शाबूत असल्यास बेअरिंग, सिंक्रो रिंग (गिअर अलगद जुळवणारी कडी) आणि ऑइल सील बदलणे हाच बहुतेकदा सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो.

उत्तर: जुना पूर्ण बॉक्स मुंबईतल्या कुर्ल्यासारख्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात मिळतो, मात्र केवळ मॉडेलचे नाव ऐकून तो उचलू नये. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइन्स (क्लच प्लेट बसते त्या खाचा), बेल हाउसिंगची (क्लचवरच्या कवचाची) भोके आणि मागचा फ्लँज (प्रोपेलर शाफ्ट जोडायची चकती) आपल्या बॉक्सशी जुळवून, वरचे झाकण उघडायला लावून दात स्वतः पाहावेत आणि पक्के बिल घ्यावे.

प्रश्नकर्ता: क्लच दाबल्यावर आवाज थांबतो, म्हणून आधी बॉक्स उघडून घेतो.

उत्तर: मग बॉक्स खाली उतरलेला असतानाच क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंगही (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग) तपासा, नाहीतर उतरवण्याची मजुरी पुन्हा पडेल.