प्लेग्रुपसाठी 'वाहने': हाताने करायचे उपक्रम सुचवा (वय सव्वादोन ते तीन, जागा कमी)

परळची_बालवाडी
नमस्कार. जुलैमध्ये दोन आठवडे 'वाहने' हा विषय घ्यायचा आहे. मुलं १४. एक ताई, एक मावशी. खोली १२ बाय १४ फूट, खाली जुनी मोझेक लादी. रोज अर्धा तास मिळतो आणि खर्च दीड हजाराच्या आत बसवायचा आहे. भिंतीवर जमीन-पाणी-हवा असा तक्ता आहे. त्यावरून नावं पाठ होतात, पण बोट ठेवून नाव म्हणण्यापलीकडे काही घडत नाही. पावसामुळे बाहेर नेता येणार नाही. मुलांच्या हाताला काम मिळेल असं काय काय करता येईल? साहित्य, मापं आणि कुठे फसतं तेही सांगितलंत तर बरं होईल.

खडूफळा
आधी तो तक्ता उतरवा. जमीन-पाणी-हवा ही वर्गवारी तीन वर्षांनंतरची. या वयात वाहन म्हणजे जे हलतं, आवाज करतं, ज्यात चढता-उतरता येतं. शिवाय बहुतेक तक्त्यांवर आगगाडी म्हणून धूर सोडणारं कोळशाचं इंजिन असतं. मुंबईत विजेवरची लोकल १९२५ पासून धावतेय आणि तुमच्या खिडकीतून मुलांना दिसते ती तीच.

दोन आठवड्यांना चार वाहनं पुरे: बस, लोकल, टॅक्सी, कचऱ्याची गाडी. प्रत्येकाला अडीच दिवस. दहा-बारा घेतलीत तर परत तक्ताच होईल, फक्त जमिनीवर मांडलेला.

भाषेचं एक. मुलं सगळ्यालाच 'गाडी' म्हणतात आणि मुंबईत मोठी माणसंही म्हणतात. 'गाडी आली' म्हणजे लोकल, 'गाडी काढ' म्हणजे कार. त्यामुळे 'गाडी नाही, बस म्हण' असं दुरुस्त करू नका. मूल 'गाडी' म्हणालं की 'हो, कचऱ्याची गाडी! डबा उचलतेय' एवढंच पुढे जोडा. नामांपेक्षा क्रियापदांकडे लक्ष ठेवा: सुटते, थांबते, वळते, चढायचं, उतरायचं, भरायचं, ओतायचं. तीच हाताने आणि अंगाने करता येतात.

कांदेपोहे_कुर्ला
रिक्षा कशी नाही यादीत? तीन चाकं मोजायला किती छान.

खडूफळा
परळला रिक्षा येत नाही. त्या माहीम-सायनच्या अलीकडे सोडतच नाहीत. तुमच्या कुर्ल्याच्या वर्गात टॅक्सीऐवजी रिक्षा घ्या, बेधडक. डोक्यावरून विमानंही खाली उतरताना दिसत असतील, तर विमानही चालेल. निकष एकच: मुलाने ते याच आठवड्यात पाहिलेलं असावं.

डबलबेल
बसपासून सुरुवात करा, कारण बसला घंटी आहे. लाल-हिरव्या सिग्नलचा खेळ या वयात हमखास फसतो. बऱ्याच मुलांची रंगांची नावं अजून पक्की नसतात, मग ती बाईंचा चेहरा बघून थांबतात. घंटीचं तसं नाही. कंडक्टरची एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ते कानाला लगेच कळतं.

साहित्य: सायकलची घंटी किंवा देवघरातली छोटी घंटा, आणि बस म्हणून धरायला साडेचार मीटर सुती दोर, अंगठ्याएवढा जाड. नायलॉनचा नको, ओढला की तळहात भाजतो. सात मुलांची एक बस. पुढचा अर्धा मीटर ताईंच्या हातासाठी मोकळा सोडा, मग दर ४५ सेंमीवर एक गाठ, अशा सात गाठी. गाठीतच दोर बराच खर्च होतो, म्हणून लांबी जास्त घेतलीय. प्रत्येक मुलाचा हात एका गाठीवर. दोर हातात धरायचा, कमरेला किंवा मनगटाला गुंडाळायचा नाही आणि खेळ संपल्यावर मुलांच्या हाती ठेवायचा नाही. शेवटच्या गाठीजवळ मावशी. दुसरी सात मुलं स्टॉपवर, म्हणजे भिंतीला लावलेल्या चटईवर.

घंटी दोनदा: टिंग टिंग, चालायचं. एकदा: टिंग, थांबायचं. पहिल्या दिवशी एवढंच. दुसऱ्या दिवशी स्टॉपवर दोघं उतरतात, दोघं चढतात. तिकीट तिसऱ्या दिवशी. घोटीव कागदाचे ४ बाय ८ सेंमीचे तुकडे करा. पंचिंग मशीन मुलांना दाबता येत नाही आणि त्यातून पडणाऱ्या टिकल्या नाका-कानात जातात, म्हणून भोकं आदल्या दिवशी घरी पाडून आणा.

फसतं कुठे? घंटी मुलाच्या हातात गेली की परत येत नाही. दोन घंट्या ठेवा: एक खेळाची, ताईंकडे, आणि एक 'डेपोतली', खेळ संपल्यावर सगळ्यांनी वाजवायची.

रुळावरची_मांजर
लोकलसाठी खोक्याचे डबे. वाण्याकडची तेलाच्या पाकिटांची खोकी चालतात, पण आतून निदान ३५ बाय ३५ सेंमी हवीत. त्याहून लहान असली की मूल आत अडकतं, घाबरतं आणि मग आठवडाभर जवळ येत नाही. उंची २५ ते ३० सेंमी. वरचे-खालचे झाकणाचे पल्ले कापून टाका. धातूच्या पिना पक्कडीने काढा, नुसत्या वाकवू नका. कापलेल्या कडांवर कापडी टेप दुमडून लावा, कोऱ्या पुठ्ठ्याची कड बोट कापते. दोन्ही बाजूंना १० बाय ४ सेंमीची भोकं, हात घालून उचलायला. खांद्यावरून पट्टे नकोत, ते मानेकडे सरकतात.

जुलैत पोस्टर कलर लावू नका. पुठ्ठा आधीच दमट असतो, एका बाजूने रंगवला की वाकतो आणि दोन दिवस वाळत नाही. पांढरा आणि जांभळा घोटीव कागद चिकटवा, परळच्या मुलांना तेवढ्यावरून लोकल ओळखू येते.

आणि चाकं लावायच्या भानगडीत पडू नका. फलाटावर उभ्या असलेल्या मुलाला लोकलची चाकं दिसतच नाहीत. दिसतात दारं, खिडक्यांच्या आडव्या दांड्या आणि लटकणाऱ्या कड्या. तेच करा. कडी म्हणून प्लास्टिकची जाड बांगडी वरच्या दोरीला टांगतात बरेच जण, पण मुलं तिला लोंबकळतात, म्हणून मी तरी कडी खोक्याच्या कडेलाच टेपने बसवायला सांगेन.

डबे एकमेकांना बांधू नका. एक पडला की चारही पडतात. चार डबे चार मुलांचे, बाकीची मुलं स्टेशनं. प्रत्येक स्टेशनावर ताईंनी मोठ्याने नाव घ्यायचं: परळ, करी रोड, चिंचपोकळी, भायखळा. दुसऱ्याच फेरीला मुलं 'पुढील स्टेशन' सुरू करतात.

कांदेपोहे_कुर्ला
लादीवर रस्ता आखायला काय वापरायचं? मास्किंग टेपचा डिंक मोझेकवर चिकटून राहतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

खडूफळा
रस्ता आखायला टेप नकोच. जुना फ्लेक्स घ्या, सहा बाय चार फूट. मागची पांढरी बाजू वर करा आणि जाड पर्मनंट मार्करने रस्ता आखा. रस्त्याची रुंदी १२ सेंमी, म्हणजे दोन छोट्या गाड्या समोरासमोरून जाऊ शकतील. एकाच गाडीपुरता आखलात तर दर मिनिटाला मारामारी. रस्ता गोल फिरून स्वतःला मिळालेला हवा, टोक असलेल्या रस्त्यावर मूल गाडी टोकाला सोडून उठून जातं. एक पूल (बुटाच्या खोक्याचं झाकण, दोन्हीकडे पुठ्ठ्याचा उतार), एक डेपो, एक कचऱ्याचा कोपरा. बास. झाडं, इमारती, माणसं मांडून गर्दी करू नका.

फ्लेक्सच्या कडा वळतात आणि पाय अडकतो. चारही बाजू कापडी टेपने लादीला लावा आणि रोज संध्याकाळी काढा, डिंक धरायच्या आत. गुंडाळताना चित्राची बाजू आत ठेवा.

झेब्रा क्रॉसिंग काढलंत तर त्यावरून दोन बोटांनी 'माणूस' चालवायचा आणि गाडी थांबवायची. दादर-माहीमकडे पादचारी सिग्नलवर २०२० पासून बाईची आकृतीही दिसते. तुमची काही मुलं त्या बाजूने येत असतील तर सिग्नलवर तीही काढा, ओळखतात.

डॉक्टर_नाही_पण
खेळण्यांबद्दल, खरेदीला जाण्यापूर्वी:

अब्दुल रहमान स्ट्रीटला ठोकमध्ये गाड्या मिळतात, पण १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे. ती पाहूनच घ्या. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी सुटा भाग गिळण्याजोगा नसावा. प्रमाणित चाचणीतली नळी साधारण ३२ मिमी व्यासाची असते. टॉयलेट पेपरची रिकामी नळी त्याहून रुंद, तेव्हा तिच्यातून जे पलीकडे जातं ते वर्गात नको. स्वस्त गाड्यांचं चाक ओढून पाहा, निघालं तर गाडी बाद. आवाज करणाऱ्या खेळण्यात बटणासारखी बॅटरी असेल आणि झाकणाला स्क्रू नसेल तर ते हातातही घेऊ नका. तसली बॅटरी गिळली तर अन्ननलिका जळायला दोन तासही पुरतात.

संख्या: १४ मुलांना निदान २० गाड्या, शक्य तितक्या सारख्या. वेगवेगळ्या सुंदर वीस गाड्या आणल्यात तर सगळ्यांना त्यातली एकच हवी असते.

चिखलगाडी
माझ्याकडून तीन उपक्रम. सात-सात मुलांचे दोन गट करून.

उतार. ६० बाय २० सेंमीची फळी, टोक आधी १० सेंमी उंच (दोन-तीन जाड पुस्तकं), मग १५. पंचवीसच्या वर गेलात की गाडीचं नाक लादीवर आपटून ती कोलांटी खाते. मुलांना कोलांटीच आवडते आणि उतार राहतो बाजूला. फळीच्या खालच्या टोकाला पातळ पुठ्ठ्याची पट्टी टेपने लावा, सांधा गुळगुळीत होतो. तिसऱ्या दिवशी फळीवर टॉवेल पसरा, चौथ्या दिवशी रेजमारचा कागद (पॉलिश पेपर). 'कुठली लांब जाईल सांग' असं विचारू नका, या वयात अंदाज सांगता येत नाही. 'हळू गेली', 'पटकन गेली', इतकंच बोलत राहा. एकच मूल चाळीस वेळा तीच गाडी सोडेल, सोडू द्या.

चाकांचे ठसे. पोस्टर कलर नको, बोटं तोंडात जातात. अर्धी वाटी मैदा, दीड वाटी पाणी, चिमूटभर मीठ. गुठळ्या मोडून मंद आचेवर ढवळा, डावाला पातळ थर चिकटला की उतरवा. गार झाल्यावर खाण्याचा रंग चार-पाच थेंब. गव्हाची अॅलर्जी कुणाला आहे का ते पालकांना आधी विचारा, असेल तर कॉर्नफ्लोअर. हळद नको, गणवेशावरून जात नाही. खळ त्याच दिवशी संपवा, मुंबईच्या हवेत दुसऱ्या सकाळी आंबूस वास येतो. थाळीत खळ ओतू नका, ओलं कापड घडी करून ठेवा आणि त्यावर दोन चमचे पसरा. थेट ओतली तर चाकाच्या नक्षीत भरते आणि ठसा उमटण्याऐवजी नुसता पट्टा ओढला जातो. कागद कॅलेंडरचा नको, गुळगुळीत असल्यामुळे ठसा फिसकटतो. खरखरीत कार्ट्रिज पेपर घ्या.

गाड्या धुणं. ठशांच्या दिवशीच, कारण आसात वाळलेली खळ चाक अडवते. दोन पराती, प्रत्येकीत दोन सेंमी पाणी, अर्धा चमचा बेबी शॅम्पू. स्पंजऐवजी जुन्या पंचाचे तुकडे, स्पंजचे लचके तोडून मुलं तोंडात घालतात. खाली गोणपाट, ओली मोझेक फार घसरते. पराती एका मोठ्या माणसाच्या नजरेतून क्षणभरही सुटता कामा नयेत आणि खेळ संपला की लगेच ओता, दोन-तीन सेंमी पाणीही या वयाला धोक्याचं असतं. पत्र्याच्या गाड्या पुसून पालथ्या वाळवा, नाहीतर आस गंजतो.

परळची_बालवाडी
मंडळी, खूप आभार, छापून घेतेय. दोन शंका. कचऱ्याच्या गाडीबद्दल कुणी सांगितलं नाही. आणि दोन मुलं मोठ्या आवाजाला कान झाकतात, त्यांचं काय?

डबलबेल
त्या मुलांच्या हाती 'डेपोतली' घंटी द्या. आवाज आपण काढला की बोचत नाही. तोवर घंटीभोवती रुमाल गुंडाळा. भोंगा, सायरन मोबाइलवरून लावू नका.

चिखलगाडी
कचऱ्याची गाडी सगळ्यात सोपी आणि माझ्या मते सगळ्यात चांगली. बुटाचं मोठं खोकं, पुढे दोरी (२० सेंमी, त्याहून लांब नको, गळ्यात जाते), मागे उघडणारं झाकण. वर्तमानपत्राचे मुठीएवढे बोळे तीस-चाळीस, मुलांनीच चुरगळायचे. ओला-सुका वेगळा: हिरव्या डब्यात कापडाच्या भाज्या, निळ्या डब्यात बोळे. गाडी आली की डबा आत ओतायचा, कोपऱ्यात नेऊन गाडी रिकामी करायची, पुन्हा भरायची. खोक्याचा तळ दुसऱ्या दिवशी फाटतो, आधीच आतून दुहेरी पुठ्ठा लावा. वर्ग आवरायची वेळ याच गाडीने केलीत तर पसारा उचलायला मावशींना वाकावं लागत नाही.

परळची_बालवाडी
हे फारच छान. आणि मागच्या वर्षीच्या टेपचा डिंक लादीवर अजून आहे, तो कसा काढू?

रुळावरची_मांजर
खोबरेल तेल चोळून दहा मिनिटं ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, पत्रा किंवा सुरी लावू नका. मोझेकचं पॉलिश जातं. नंतर साबणाच्या पाण्याने दोनदा पुसा. तेलाचा थर राहिला तर सकाळी मोजे घातलेलं पहिलं मूल त्यावरच घसरेल.