माहेरी पोट बरं, सासरी बिघडलेलं. आणि आता सीलिअॅकची टेस्ट निगेटिव्ह

मालवणची_लेक

नमस्कार. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

वय ३४. माहेर मालवणजवळ, सासर जळगाव, लग्नाला नऊ वर्षं झाली. माहेरी सकाळी पेज, दोन्ही वेळेला भात नाहीतर तांदळाची भाकरी. पोळी पाहुणे आले तरच. इथे नाश्त्यालाही पोळी आणि रविवारी वरण-बट्टी. वर्षभरात माझं पोट बिघडायला लागलं. रोज जुलाब नव्हते, पण जेवण झालं की पोट ढोलासारखं व्हायचं, तोंड सतत आलेलं असायचं. जिना एका दमात चढवत नसे. मधल्या कठड्यावर टेकून मोबाईल बघतेय असं दाखवायचे. घरच्यांनी निदान केलं की नवी सून आहे, रुळेल.

हिमोग्लोबिन ८.१. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांनी ८.३. "तुम्ही गोळ्या घेतच नाही," म्हणून डॉक्टर रागावले. पुढच्या वेळी गोळ्यांची सगळी रिकामी पाकिटं दुधाच्या पिशवीत भरून नेली आणि टेबलावर ओतली. मग थॅलेसेमियाची तपासणी झाली, नॉर्मल. पाळीत जास्त जातं का म्हणून सोनोग्राफी, तीही नॉर्मल. जंताचं औषध दोनदा. बाळंतपणाच्या आधी शिरेतून लोह दिलं, ते काही महिने टिकलं. २०२१ मध्ये दुर्बिणीने पोट तपासलं, गॅस्ट्रायटिस लिहून दिला. तुकडा काढलाच नाही. त्यानंतरच्या एकांनी तर झोपेची गोळी दिली, "मनावर घेऊ नका" म्हणून.

आता गंमत ऐका. चतुर्थी, एकादशी, नवरात्र या दिवसांत माझं पोट एकदम शांत असायचं! सासूबाई म्हणायच्या देव पावला, म्हणून मी सोमवारही धरला. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा या कशातच गहू नाही, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मे महिन्यात माहेरी गेले की दोन-तीन किलो वजन वाढायचं. आई म्हणायची, "तुका थयचां जेवाण मानवणा नाय गो." एकदा तर दार लोटून घेऊन विचारलंन, सासरी जाच आहे का. इकडे नणंदेचं मत, माहेरी गेल्यावर बरी कशी होते ही? नाटकं.

या जानेवारीत नवऱ्याच्या ऑफिसातले एक पंजाबी गृहस्थ म्हणाले, माझ्या मुलीलाही असंच होतं, सीलिअॅक निघालं, म्हणजे गहू खाल्ला की आतडं झडतं तो आजार. मी त्याच दिवशी गहू सोडला. पाच महिन्यांत त्याच गोळ्यांवर हिमोग्लोबिन १०.९! मग हौसेने टीटीजी आयजीए टेस्ट करायला गेले, तर निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले, सीलिअॅक नाही, बिनधास्त पोळी खा.

मग बरं का वाटतंय मला? मुलगा सहा वर्षांचा आहे, वर्गात सगळ्यात बुटका. त्याचंही तपासू का?

गव्हाशी_काडीमोड

ताई, घोळ क्रमात झाला. ती टेस्ट गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीर ज्या अँटिबॉडी तयार करतं त्या मोजते. गहू बंद केला की त्या हळूहळू उतरतात. पाच महिन्यांनी रिपोर्ट कोरा येऊ शकतो, आणि आतडंही थोडंफार भरून येतं. म्हणजे "निगेटिव्ह" आलं म्हणून "नाही" असं धरता येत नाही.

गोळ्यांचं कोडंही यातच सुटतं. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या पहिल्या भागात शोषलं जातं आणि सीलिअॅकमध्ये सहसा तोच भाग झडतो. गोळी पोटात जाते, अंगी लागत नाही. मी मोठ्या आतड्याचा त्रास म्हणून सहा वर्षं इसबगोलावर काढली, शेवटी हाडं ठिसूळ निघाली तेव्हा कुणीतरी ही टेस्ट लिहिली. आपल्याकडे हा आजार उत्तरेत जास्त, गहू खाणाऱ्यांचा, असं डोक्यात बसलंय. भात खाणारी मालवणी बाई समोर बसली की कुणाला आठवणार?

साधा_माणूस

बरं वाटतंय ना? मग गहू सोडा आणि मोकळे व्हा. टेस्ट कशाला?

लॅबवाली

साधा_माणूस, सीलिअॅक असेल तर पथ्य जन्मभराचं आहे, "जमेल तसं" नाही. चिमूटभर रवा पडलेलाही चालत नाही. अंदाजावर कोण पाळणार? आणि कागद हातात नसेल तर पुढच्या लग्नात हीच नणंद पुरणपोळी वाढेल.

मालवणची_लेक, रिपोर्टमध्ये "टोटल आयजीए" आहे का बघा. आयजीए हा अँटिबॉडीचा एक प्रकार, काहींच्या रक्तात तोच कमी असतो. त्यांची टीटीजी आयजीए गहू खातानाही खोटी निगेटिव्ह येते, मग आयजीजी या दुसऱ्या प्रकारावरची टेस्ट करावी लागते. आमच्याकडे दहातल्या नऊ चिठ्ठ्यांवर टोटल आयजीए लिहिलेलंच नसतं.

पोटविकारतज्ज्ञांना भेटा. ते बहुतेक काही आठवडे रोज गहू खायला सांगतील, मग रक्त आणि दुर्बीण. या वेळी आधीच बोलून ठेवा: ड्युओडेनमचे (लहान आतड्याचा पहिला भाग) चार-सहा तुकडे तपासायला हवेत, कारण झीज सगळीकडे सारखी नसते. गहू खाववतच नसेल तर एचएलए डीक्यू२-डीक्यू८ ही जनुकांची टेस्ट गहू न खाताही होते. ती निगेटिव्ह आली तर सीलिअॅक जवळजवळ बाद. पॉझिटिव्ह आली म्हणजे आहेच असं मात्र नाही, धडधाकट माणसांतही ती खूप आढळते.

मुलाचं आत्ताच करा, तो पोळी खातोय तोवर. आईबरोबर त्याचीही पोळी बंद करू नका!

मालवणची_लेक

रिपोर्ट काढून बघितला. टोटल आयजीए नाही. आणि हो, मुलाचा डबा मी गेल्या आठवड्यापासून भाकरीचा केला होता, तो आज परत पोळीचा केला.

गव्हाशी_काडीमोड

भाकरीचं पीठ कुठे दळता? गिरणीत गव्हाच्या मागोमाग ज्वारी दळली तर गहू आलाच. भाजणीत, मेतकुटात गहू असतो. आणि हिंगाच्या डबीवरचं बारीक अक्षर वाचा, बऱ्याच बांधानी हिंगांत मैदा असतो. अर्थात हे सगळं निदान झाल्यावर. सध्या खा.

मालवणची_लेक

अपडेट. मुलाचं रक्त दिलं, टोटल आयजीएसकट. जळगावात टीटीजी बाहेर पाठवतात, चार दिवस लागतील. माझं डॉक्टरांशी बोलणं झालं: सहा आठवडे रोज दोन पोळ्या, मग दुर्बीण. कालपासून सुरुवात केली. दुसऱ्या पोळीनंतर पोट फुगून परकराची नाडी सैल करावी लागली. सासूबाई बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. रात्री चष्मा लावून ओट्यापाशी उभ्या होत्या, हातात हिंगाची डबी. मला म्हणाल्या, "हे काय लिहिलंय वाच गं, मला मैदा दिसतोय."